सिग्नलचे खरे तुकडे कोणते? डी. डी. कोसंबींचं विसरलं गेलेलं गणित

भिंगारमधल्या कुणालाही शेजारच्या किल्ल्याबद्दल विचारा, पहिलं उत्तर ठरलेलं असतं: नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथे लिहिलं. बरोबरच आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘भारत छोडो’चा ठराव झाला आणि काँग्रेस कार्यकारिणीतल्या नेत्यांना अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) या किल्ल्यात आणून ठेवलं. १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत नेहरूंनी ते पुस्तक लिहून काढलं.

त्याच काळात इथून सुमारे १२० किलोमीटरवर, पुण्यात, फर्ग्युसन कॉलेजातले एक गणिताचे प्राध्यापक वेगळ्याच कामात गुंतले होते. १९४३ मध्ये त्यांचा एक छोटासा शोधनिबंध छापून आला. पुढे १९४६ मध्ये नेहरूंचं पुस्तक बाहेर पडलं, तेव्हा याच प्राध्यापकांनी त्याचं परखड परीक्षण लिहिलं. लेखकाबद्दल आदर ठेवून, पण हा इतिहास सांगताना कुठल्या वर्गाचे हितसंबंध बाजूला राहिले, हे स्पष्ट दाखवून.

हे प्राध्यापक म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. इतिहास शिकणाऱ्यांना हे नाव पाठ असतं. पण आपण, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटरवाले, त्यांच्या १९४३ च्या निबंधातलं गणित शिकतो ते दुसऱ्याच नावाने: कारहुनेन–लोएव ट्रान्सफॉर्म. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला हे नाव बऱ्याचदा भेटलं, कोसंबींचं एकदाही नाही. म्हणून हा लेख. यात कोसंबींचं आयुष्य आहे, आणि त्यांच्या गणिताने फोरियर, सिमेट्री आणि फेज यांचा संबंध कसा उलगडतो तेही आहे. समीकरणं नाहीत, काळजी नको.

गोवा, पुणे आणि थेट हार्वर्ड

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ चा, गोव्यातला. वडील धर्मानंद कोसंबी हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. त्यांचं ‘भगवान बुद्ध’ हे मराठी पुस्तक आजही वाचलं जातं. ते फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवायचे, त्यामुळे दामोदरचं लहानपण पुण्यात गेलं.

बौद्ध ग्रंथांच्या संपादनासाठी धर्मानंदांना हार्वर्ड विद्यापीठातून बोलावणं यायचं. १९१८ मध्ये जाताना त्यांनी मुलगी माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर यांनाही सोबत नेलं. मुलाची शाळा अमेरिकेत झाली. मध्ये काही काळ तो भारतात परतला आणि १९२६ मध्ये पुन्हा हार्वर्डला गेला.

तिथे जॉर्ज बर्कहॉफ हे त्या काळचे मोठे गणितज्ञ त्यांना शिकवत. याने फक्त गणितच करावं, असं बर्कहॉफना वाटायचं. कोसंबींनी मात्र गणिताच्या जोडीला भाषांसकट कितीतरी विषय घेतले आणि सगळ्यांत चमकले. १९२९ मध्ये ते सर्वोच्च श्रेणीत पदवीधर झाले. शेजारच्या एमआयटीमधले नॉर्बर्ट वीनर यांच्याशीही त्यांची याच काळात मैत्री झाली. वीनर तेव्हा नेमका हाच प्रश्न हाताळत होते: फोरियरची पद्धत गोंगाटासारख्या, कधीच न थांबणाऱ्या सिग्नलला कशी लावायची? हा प्रश्न लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जो माणूस नव्हताच, त्याचं नाव

भारतात परतल्यावर कोसंबी आधी बनारस हिंदू विद्यापीठात शिकवायला लागले. मग अलीगढला गेले, कारण तिथे गणित विभागाची जबाबदारी आंद्रे वेल या तरुण फ्रेंच गणितज्ञाकडे होती आणि त्यांनीच कोसंबींना बोलावून घेतलं.

या दोघांचा एक किस्सा गणिताच्या इतिहासात नोंदला गेला आहे. एका सहकाऱ्याची जिरवायची म्हणून वेलनी खोडी सुचवली आणि कोसंबींनी १९३१ मध्ये एक निबंध छापला. त्यात बुर्बाकी नावाच्या एका गणितज्ञाच्या प्रमेयाचा आधार घेतला होता. असा गणितज्ञ अस्तित्वातच नव्हता! पुढे वेल आणि त्यांच्या फ्रेंच मित्रांनी हेच टोपणनाव घेऊन मिळून पुस्तकं लिहिली आणि ‘बुर्बाकी’ हे विसाव्या शतकातल्या गणितातलं एक बडं नाव झालं. ते छापील निबंधात पहिल्यांदा आलं ते कोसंबींच्या.

गंमत बघा. न झालेल्या माणसाचं नाव टिकलं, आणि ज्याने ते छापलं त्याचं स्वतःच्या प्रमेयावरचं नाव उडालं. ते कसं, हे समजायला आधी सिग्नलकडे वळावं लागेल.

थोडं फोरियर, थोडी फेज

जोसेफ फोरियर हे फ्रेंच गणितज्ञ. उष्णता कशी पसरते याचा अभ्यास करताना त्यांनी एक दावा मांडला आणि १८२२ च्या ग्रंथात तो सविस्तर लिहिला. कुठलाही सिग्नल घ्या: आवाज, फोटोतली एक ओळ, हृदयाचा आलेख. तो साध्या लाटांची बेरीज म्हणून लिहिता येतो. हळू लाटा, जलद लाटा, आणखी जलद लाटा.

प्रत्येक लाटेबद्दल दोन आकडे सांगावे लागतात. एक म्हणजे लाट किती उंच आहे. दुसरा म्हणजे ती सुरू कुठून होते. या दुसऱ्या आकड्याला म्हणतात फेज.

बागेतले दोन झोपाळे आठवा. दोन्ही तितकेच उंच जातात, एका फेरीला तितकाच वेळ घेतात. पण एक पुढे असतो तेव्हा दुसरा मागे असतो. उंची सारखी, वेग सारखा, फरक फक्त फेजचा. असा बरोबर उलटा फरक असला की त्याला १८० अंशांची फेज म्हणतात. तुमचे नॉइज कॅन्सलिंग इअरबड्स हेच करतात. बाहेरचा आवाज माईकने पकडतात, त्याच्या उलट्या फेजची लाट कानात सोडतात, आणि दोन्ही लाटा एकमेकींना मारतात.

फेज हा दुय्यम आकडा वाटतो, पण तसं नाही. दोन फोटो घ्या, एक चेहऱ्याचा आणि एक इमारतीचा. दोघांचं फोरियर रूप काढा. चेहऱ्याच्या लाटांची उंची ठेवा, पण फेज इमारतीची लावा आणि फोटो परत जोडा. दिसतं काय? इमारत! जरा धुरकट, पण इमारतच. ॲलन ओपनहाइम आणि जे. लिम यांनी १९८१ च्या एका प्रसिद्ध लेखात फेजचं हे महत्त्व मांडलं. कारण सोपं आहे. इमारतीची कड म्हणजे अशी जागा, जिथे असंख्य लाटा एकाच वेळी जुळून येतात. कुठली लाट कुठे जुळणार, हे फेज ठरवते.

आता सिमेट्री, म्हणजे सममिती. तिचे तीन नियम पुरेत:

१. सिग्नलचा डावा भाग उजव्याचं आरशातलं प्रतिबिंब असेल, तर फक्त कोसाईन लाटा लागतात. प्रतिबिंब उलट्या चिन्हाचं असेल, तर फक्त साईन. दोन्ही वेळा फेजला मोकळीक राहत नाही, निवड उरते ती फक्त अधिक की उणे एवढीच.

२. सिग्नल जसाच्या तसा थोडा पुढे सरकवला, तर लाटांची उंची बदलत नाही. फक्त फेज बदलते. जलद लाटेची जास्त, हळू लाटेची कमी.

३. प्रत्यक्षात मोजलेल्या सिग्नलच्या स्पेक्ट्रमचे दोन अर्धे एकमेकांचं प्रतिबिंब असतात. उंची तीच, फेज उलट्या चिन्हाची. म्हणून अर्धा स्पेक्ट्रम साठवला तरी भागतं.

इथवर सगळं कॉलेजच्या पुस्तकात सापडतं. पण एक प्रश्न पुस्तकं सहसा विचारत नाहीत. तुकडे करायला लाटाच का? दुसरा कुठला आकार का नको?

फर्ग्युसनमधली वर्षं आणि नाण्यांचं वजन

अलीगढ सोडून कोसंबी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला पुण्यात आले आणि फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला लागले. वडिलांचंच जुनं कॉलेज. १९३४ मध्ये त्यांना मद्रास विद्यापीठाचा रामानुजन पुरस्कार मिळाला. तोवर त्यांचं काम होतं वक्र मार्गांच्या भूमितीवर.

मग त्यांना संख्याशास्त्राने ओढून घेतलं. निमित्त होतं प्राचीन नाण्यांचं. आहत नाणी, म्हणजे ठसे मारून बनवलेली चांदीची जुनी नाणी. त्यांच्यावर राजाचं नाव नसतं, सालही नसतं. मग आधीचं कुठलं, नंतरचं कुठलं, हे ठरवायचं कसं?

कोसंबींचा विचार असा. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं. प्रत्येक व्यवहारात किंचित. म्हणजे जास्त काळ चलनात राहिलेल्या नाण्यांचं सरासरी वजन कमी भरणार, आणि नाण्यानाण्यांतला फरकही वाढलेला असणार, कारण प्रत्येक नाण्याचं नशीब वेगळं. हे खरंच असं होतं का, हे तपासायला त्यांनी त्या काळच्या चलनातली नाणीही तोलून पाहिली. मग तक्षशिलेच्या खजिन्यातल्या नाण्यांना तीच कसोटी लावली. वजनकाटा आणि संख्याशास्त्र वापरून काढलेला इतिहास! १९४० च्या सुमारास हे निबंध यायला लागले. त्यांना पुढे इतिहासकार म्हणून जे नाव मिळालं, त्याची ही सुरुवात होती.

आता यातली एक गोष्ट बघा. एका नाण्यामागे एकच आकडा असतो, त्याचं वजन. शंभर नाणी म्हणजे शंभर आकडे. त्यांची सरासरी काढा, फरक काढा, झालं काम. पण एकेक नोंद हा एक आकडा नसून अख्खी वळणदार रेघ असेल तर? तेव्हा सरासरी आणि फरक कसे काढायचे?

१९४३ च्या निबंधाचा विषय हाच होता. नाव ‘स्टॅटिस्टिक्स इन फंक्शन स्पेस’. जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीमध्ये तो आला.

तुकडे सिग्नललाच विचारा

कोसंबींचं उत्तर मी एका घरगुती उदाहरणाने सांगतो. उदाहरण माझं, कल्पना त्यांची.

समजा, भिंगारमध्ये तुम्ही वर्षभर दर तासाला तापमान नोंदवलंत. रोजची एक रेघ, अशा ३६५ रेघा. या सगळ्यांची सरासरी काढलीत तर एक नमुनेदार दिवस मिळेल: पहाटे गार, दुपारी तापलेला, रात्री पुन्हा उतरलेला. पण खरा दिवस या सरासरीपासून थोडा हटलेला असतो. हा हटलेपणा कमीत कमी तुकड्यांत कसा सांगायचा?

फोरियर म्हणेल, लाटा घ्या. कोसंबी म्हणतात, आधी सिग्नलची सवय बघा. एक तक्ता करा. सकाळी आठचं तापमान सरासरीपेक्षा वर असतं, तेव्हा दुपारी दोनचंही वर असतं का? किती? अशी प्रत्येक दोन तासांची जोडी तपासून तक्ता भरा. मग असे आकार शोधा, जे या तक्त्यातून गेले तरी आपला आकार सोडत नाहीत, फक्त लहान-मोठे होतात. गणितात त्यांना आयगेनफंक्शन म्हणतात. हेच तुमचे तुकडे.

तापमानाच्या बाबतीत पहिला तुकडा बहुधा असा निघेल की अख्खा दिवसच वर किंवा खाली सरकतो: मे महिना किंवा डिसेंबर. दुसरा असा, की दुपार आणि रात्र यांतला फरक वाढतो किंवा कमी होतो: निरभ्र दिवस किंवा ढगाळ दिवस. एवढ्या दोन आकड्यांत दिवसाची बरीचशी गोष्ट सांगून झाली!

या पद्धतीचे दोन मोठे गुण आहेत. पहिला: तुकड्यांची प्रमाणं एकमेकांत गुंतलेली नसतात, म्हणजे एकाचं प्रमाण कळलं म्हणून दुसऱ्याचा सरळ अंदाज बांधता येत नाही. तीच माहिती दोनदा सांगितली जात नाही. दुसरा: तुम्ही ठरवलंत की फक्त पाच तुकडे ठेवायचे, तर सरासरी चूक सगळ्यांत कमी राहील असे पाच तुकडे हेच. दुसरे कुठलेही पाच घ्या, याहून कमी चूक येणार नाही.

मशीन लर्निंग शिकलेल्यांच्या लक्षात आलं असेल, आकड्यांच्या यादीवर हेच केलं की त्याला पीसीए म्हणतात. ती पद्धत आधीपासून होती. कोसंबींनी हा विचार अखंड रेघांसाठी मांडला.

लाट कधी बरोबर असते?

आता मघाचा प्रश्न. मग फोरियर चुकला का? अजिबात नाही. या नव्या चष्म्यातून उलट हे कळतं, की फोरियर नेमका कधी बरोबर असतो.

घरातल्या पंख्याची गुणगुण घ्या. दहा वाजता रेकॉर्ड केली काय आणि दहा वाजून पाच मिनिटांनी केली काय, स्वभाव तोच. घड्याळ सरकवलं तरी आकडेवारी बदलत नाही. ही सुद्धा एक सिमेट्रीच आहे, काळात सरकण्याची. अशा सिग्नलचा तक्ता भरताना दोन क्षण कोणते, याने फरक पडत नाही. त्यांच्यातलं अंतर किती, एवढंच महत्त्वाचं. आणि तक्ता असा असला की आकार न सोडणारे तुकडे निघतात ते साईन आणि कोसाईनच! म्हणजे लाटा कुणी वरून लादत नाही. सिमेट्रीतूनच त्या आपोआप बाहेर येतात. वीनर ज्या गोंगाटाच्या सिग्नलवर काम करत होते, ते बरेचसे याच जातीचे.

अशा सिग्नलमध्ये फेजचं काय होतं? ती पूर्ण मोकाट असते. एखाद्या लाटेची फेज शून्य अंश असण्याची जेवढी शक्यता, तेवढीच ९० अंश असण्याची. साहजिकच आहे, कारण सरकवणं म्हणजे फेज बदलणं (नियम क्रमांक २), आणि सरकवल्याने इथे काहीच बदलत नाही. म्हणून साईन आणि कोसाईन दोघांना सारखाच वाटा मिळतो.

तापमानाची गोष्ट वेगळी. ढग आले की दुपारच पडते, पहाट नाही. फरक घड्याळाला बांधलेला आहे. चोवीस तासांच्या लाटेची फेज मोकाट नाही, ती रोज जवळपास एकाच जागी येते. सरकण्याची सिमेट्री मोडलेली आहे, म्हणून उत्तम तुकडे शुद्ध लाटा नसतात.

एका वाक्यात: फेज मोकाट असेल तर लाटा उत्तम, फेज बांधलेली असेल तर सिग्नललाच त्याचे तुकडे विचारा. माझ्या मते फोरियर शिकवताना हे पहिल्याच तासाला सांगायला हवं.

तुमच्या गॅलरीतला फोटो

या सगळ्याचा फोनशी काय संबंध? थेट आहे.

फोटो लहान करायचा तर कोसंबींची पद्धत कागदावर सगळ्यात चांगली. पण अडचण अशी की प्रत्येक प्रकारच्या फोटोला तक्ता वेगळा, तुकडे वेगळे. ते काढायला वेळ जाणार, आणि फोटोबरोबर तुकड्यांचे आकारही पाठवावे लागणार. त्यात फायदा कुठला?

इथे बंगळुरूमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत काम करणारे नासिर अहमद येतात. १९७४ मध्ये त्यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत डिस्क्रीट कोसाईन ट्रान्सफॉर्म, म्हणजे डीसीटी मांडला. फोटोतल्या आठ पिक्सेलची ओळ घ्या. तिच्यावर साधा फोरियर लावला, तर तो समजतो की ओळ संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. डावीकडे आकाश आणि उजवीकडे भिंत असेल तर सांध्यावर मोठी उडी पडते. ती भरायला भरमसाठ जलद लाटा लागतात. डीसीटी काय करतो? ओळ आरशासारखी उलटवून शेजारी जोडतो. आठाचे सोळा झाले, उडी गेली. आणि सिमेट्री आल्यामुळे नियम क्रमांक १ लागू होतो: फक्त कोसाईन, फेजची कटकट नाही, फक्त अधिक-उणे.

मग हे किती चांगलं आहे, हे त्यांनी कशाशी ताडून पाहिलं? कारहुनेन–लोएवशी. कारण तीच गाठायची वरची हद्द. फोटोत शेजारचे पिक्सेल बहुतेक वेळा सारखेच असतात. अशा सिग्नलसाठी डीसीटीचे तुकडे त्या उत्तम तुकड्यांच्या अगदी जवळ जातात, असं दिसलं. पुढे १९९२ च्या जेपीईजी मानकात आठ बाय आठचे चौकोन करून हाच डीसीटी वापरला गेला. म्हणजे जेपीईजी ज्या पट्टीने मोजला गेला, ती पट्टी १९४३ मध्ये पुण्यातून छापून आली होती.

मग नाव कुठे गेलं?

फ्रान्समध्ये मिशेल लोएव आणि फिनलंडमध्ये कारी कारहुनेन यांनी १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात हेच प्रमेय स्वतंत्रपणे मांडलं. चोरी वगैरे काही नाही. पण कोसंबींचा निबंध ऐन महायुद्धात, भारतातल्या नियतकालिकात आलेला. युरोप-अमेरिकेत तो फार पोहोचला नाही.

आणि कोसंबींनी स्वतःही त्याचा पाठपुरावा केला नाही. पुढच्याच वर्षी, १९४४ मध्ये, त्यांनी आनुवंशशास्त्रात एक सूत्र दिलं. गुणसूत्रावर दोन जनुकं किती दूर आहेत, हे त्याने मोजतात. ‘कोसंबी मॅपिंग फंक्शन’ म्हणून ते आजही वापरात आहे. म्हणजे जीवशास्त्रात नाव राहिलं, इंजिनिअरिंगमध्ये गेलं.

१९४५ मध्ये होमी भाभांनी त्यांना नव्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावलं. कोसंबी राहिले पुण्यातच आणि डेक्कन क्वीनने मुंबईला ये-जा करायचे. १९४८-४९ मध्ये युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर त्यांनी इंग्लंड-अमेरिकेत जाऊन तेव्हाची नवी गणनयंत्रं बघितली. दुसरीकडे इतिहासाचं काम वाढत होतं. १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचं त्यांचं मोठं पुस्तक आलं. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या, लेणी, देवीची ठाणी पायी फिरून त्यांनी जमवलेली निरीक्षणं १९६२ च्या ‘मिथ अँड रिॲलिटी’मध्ये आहेत.

शेवट मात्र कडू झाला. गणितातला सर्वात अवघड मानला जाणारा रीमान यांचा प्रश्न आपण संख्याशास्त्राच्या वाटेने सोडवला, असा दावा त्यांनी केला. तो छापला कृषी संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात. दावा टिकला नाही. गणितज्ञ म्हणून त्यांच्या नावाला धक्का बसला. भाभांशी मतभेद होतेच, कारण अणुऊर्जेवर भर देण्याऐवजी भारताने सौरऊर्जेकडे वळावं, असं कोसंबी उघडपणे मांडत. १९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार पुढे वाढवला नाही. २९ जून १९६६ रोजी पुण्यात झोपेतच त्यांचं निधन झालं. वय अवघं ५८.

एका चुकीच्या दाव्याने आधीचं बरोबर काम खोटं ठरत नाही. पण लोकांची नजर तिथे जात नाही, हे खरं. इतिहासकार कोसंबी इतके मोठे झाले, की गणितज्ञ कोसंबी मागे पडले. वादळी हवा आणि पाण्याचे प्रवाह यांचा अभ्यास करणारे अभियंते, चेहरा ओळखणाऱ्या सुरुवातीच्या प्रोग्रॅमवर काम करणारे संशोधक, सगळे हीच कल्पना वापरत राहिले, निरनिराळ्या नावांनी.

हल्ली चित्र थोडं बदलतंय. काही पुस्तकांत आणि लेखांत ‘कोसंबी–कारहुनेन–लोएव प्रमेय’ असं पूर्ण नाव दिसायला लागलं आहे. २००८ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या जन्मशताब्दीचं तिकीट काढलं. त्यांचे गणिताचे निवडक निबंधही एकत्र छापले गेले आहेत.

तुमच्यापैकी जे सिग्नल प्रोसेसिंग किंवा मशीन लर्निंग शिकताय, त्यांना हे प्रमेय कधी ना कधी भेटेलच. तेव्हा दोन गोष्टी करा. आधी विचारा, की माझ्या सिग्नलची फेज मोकाट आहे की बांधलेली. आणि उत्तरपत्रिकेत प्रमेयाचं नाव लिहाल, तेव्हा ते तीन नावांचं लिहा. पहिलं नाव कोसंबी.